मागणी क्रमांक नऊ

प्रिय काका,

तुमच्या संघटनेची स्मरणिका पोस्टाने घरी आली. पाकिटावर बाबांचं नाव होतं, आणि नावाआधी ‘कै.’ लावायचं राहून गेलं होतं. सभासदांची यादी जुनी असेल. त्याचं मला काही वाटलं नाही. पहिली पानं मी प्रेमानेच वाचली. कंत्राटी पद्धतीने कायम नोकऱ्या कशा गिळल्या, वाळूज-शेंद्र्यातल्या पोरांना वर्षानुवर्षं ‘ट्रेनी’ म्हणून कसं राबवलं जातं, हे तुम्ही अग्रलेखात जीव तोडून लिहिलं आहे. मग मधली रंगीत पानं आली. ‘ऐतिहासिक करार आणि स्नेहभोजन : क्षणचित्रे.’ हे पत्र त्या पानांसाठी आहे.

ते उघडं लिहिते आहे, कारण ती पानं तुम्ही उघड छापलीत आणि प्रदर्शनात मोठी करून लावलीत. घरी येऊन बोलले असते तर तुम्ही आधी आईच्या तब्येतीची चौकशी केली असती, काकूंनी पोहे टाकले असते आणि माझा विषय बशीतच संपला असता. तुमच्या मांडीवर बसून मी ‘इन्किलाब’ म्हणायला शिकले. तुमच्या तोंडावर तुमच्यावर रागावणं मला आजवर जमलेलं नाही. कागदावर जमतंय का बघते.

आधी फोटोंबद्दल. गुलमंडीवरच्या एका स्टुडिओवाल्याने ते त्या रात्री काढले. रंगीत रोल महाग होता, एका रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यामुळे बटण दाबण्याआधी तो माणूस विचार करायचा, आणि त्याचा विचार व्यासपीठाच्या बाजूनेच चालायचा. प्रिंटांवर आता तांबूस झाक आली आहे; मंडपाचं कापड आणि माणसांचे चेहरे एकाच रंगाचे दिसतात. पहिल्या पानावर तुम्ही हार घालून उभे आहात, शेजारी मुंबईहून आलेले पाहुणे, त्यांच्या पलीकडे चक्क कंपनीचे कामगार अधिकारी. सगळ्यांची नावं पदांसह छापली आहेत. दुसरा फोटो पंगतीचा. पळसाच्या पत्रावळी, मधून पाण्याचा जग घेऊन पळणारा एक पोरगा, आणि बाबा, फ्लॅश पडला तेव्हा नेमके डोळे मिटलेले. त्या ओळीत बसलेल्या प्रत्येकाचं नाव ‘डावीकडून’ करत दिलं आहे. इतक्या वर्षांपूर्वीचे, तोंडात घास असलेले चेहरे ओळखायला कुणीतरी भिंग घेऊन बसलं असणार, गावोगाव फोन केले असणार. ते काम सोपं नव्हतं आणि ते मनापासून झालं आहे. तिसऱ्या फोटोत चुलाणावरची देग आणि तिच्यात पळा फिरवणारे दोघं. खाली, ‘शहागंजच्या आचाऱ्यांचा खास नान-खलिया’.

चौथा फोटो पानाच्या कोपऱ्यात आहे, बाकीच्यांच्या निम्म्या आकाराचा. वाफेने धुरकटलेला. पाठमोऱ्या बायका, एकीच्या कमरेवर पातेलं, एकीचं नुसतं डोकं, आणि कडेने आत आलेला एक हात, ओगराळं धरलेला. खाली ओळ आहे : ‘महिलांनीही उत्साहाने सहभाग घेतला.’

तो हात माझ्या आईचा आहे. मनगटावरचं गोंदण स्पष्ट दिसतं.

मी पान तिच्यासमोर धरलं. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि एकेका पाठीवर बोट ठेवून नावं घ्यायला लागली. भिंग लागलं नाही, फोन लागला नाही. कुणाची चोळी, कुणाचा अंबाडा, कुणाचं उभं राहणं. सगळ्या सांगून झाल्यावर म्हणाली, “कशाला काढायलीस जुनं? जेवू घातलं, झालं.” मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, “पर आमी का नुस्त्या जेवू घालायला व्हतो का गं?”

नव्हत्या, काका. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि स्मरणिका वाचणाऱ्या पोरांना माहीत असण्याचं काही कारण नाही. त्या कुणाच्या मालकिणी म्हणून मदतीला आलेल्या नव्हत्या. माझी आई सभासदाची बायको होती हे खरं, पण तीसुद्धा त्या मंडपात त्या नात्याने आली नव्हती. त्या सगळ्या त्याच कारखान्याच्या पॅकिंगमधल्या कामगार होत्या. चिकलठाण्याच्या त्याच गेटातून आत जायच्या, फक्त त्यांचं हजेरीपुस्तक कंत्राटदाराच्या पिशवीत असायचं. माल त्यांच्या हातातून गेल्याशिवाय ट्रकमध्ये चढत नव्हता. संपाच्या पहिल्या दिवशी त्या गेटाबाहेर आल्या नसत्या तर कंपनीने साठलेला माल महिनाभर आरामात बाहेर काढला असता, आणि तुमचा संप त्या महिन्यातच मोडला असता. हे मी म्हणत नाही, गेटसभेत तुम्हीच म्हणाला होतात.

त्या संघटनेच्या सभासद नव्हत्या, म्हणून संपनिधीतून त्यांना काही मिळायचं नव्हतं. बाहेर आल्या त्याच दिवशी कंत्राटदाराने त्यांची नावं कापली. मग मंडपातली चूल त्यांनी हातात घेतली. मोंढ्यातल्या हमालांनी ज्वारीची पोती दिली, कुणी बेसन आणलं, कुणी मिरच्या. पिठलं-भाकरी, पिठलं-भाकरी, कधी खिचडी. पहाटे मुकुंदवाडीहून चालत यायच्या, अंधार पडला की चालत जायच्या. मोर्चा क्रांती चौकातून विभागीय आयुक्तालयावर निघाला तेव्हा पुढची रांग त्यांची होती, कारण पुढे बायका असल्या की पोलीस जरा दमाने घेतात, असं तुमचं म्हणणं पडलं. त्या दिवशी पोलिसांनी दमाने घेतलं नाही. आईचा डावा खांदा अजून थंडीत दुखतो. मोर्चाचा फोटो स्मरणिकेत आहे, पान भरून. त्यातही नावं दुसऱ्या रांगेपासून सुरू होतात.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले तिथे येते. मागणीपत्रात एक मागणी होती, क्रमांक नऊ : पॅकिंग विभागातील कंत्राटी महिला कामगारांना कंपनीच्या हजेरीपटावर घेऊन कायम करावे. ती तुम्ही आमच्या खोलीत बसून लिहिलीत, आईला आणि तिच्या मैत्रिणींना विचारून विचारून, माझ्या शाळेच्या वहीचं पान फाडून. कुणाची किती वर्षं झाली, कंत्राटदार दर काही महिन्यांनी नाव का बदलतो, दोनशे चाळीस दिवस भरू नयेत म्हणून मध्येच आठवडाभर घरी का बसवतो. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायद्याने सेवा सलग धरली जाते, हे त्या बायकांना तुम्हीच शिकवलंत. त्याआधी त्यांना वाटायचं, ती सुट्टी आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा तुम्ही त्यांना गोष्टीसारखा सांगितलात. नावातच ‘नियमन आणि निर्मूलन’ आहे, म्हणालात. जिथे काम बारमाही आहे तिथे कंत्राट बंद करायला सरकारला कलम दहाखाली सांगता येतं. पॅकिंगपेक्षा बारमाही काम कोणतं? त्या रात्री बायका घरी गेल्या तेव्हा त्यांची चाल बदललेली होती. मी लहान होते, पण ती चाल मला आठवते.

करार झाला तो कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात, शेवटच्या रात्री उशिरा. पगारवाढ चांगली मिळाली, महागाई भत्त्याचं सूत्र बदललं, कामावरून काढलेले कायम कामगार परत घेतले गेले. आणि करारनाम्यात शेवटी असतं तसं एक कलम आलं की उर्वरित मागण्या संघटना मागे घेत आहे.

उर्वरित म्हणजे क्रमांक नऊ.

त्या बायकांना हे कुणी येऊन सांगितलं नाही. स्नेहभोजनाच्या आधी व्यासपीठावरून करार वाचून दाखवला गेला. बायका मंडपामागे होत्या. येसरची आमटी उकळत होती, बुंदीचा घाणा नुकताच उतरला होता. कर्ण्यातून एकेक मागणी आणि तिच्यापुढे काय मिळालं ते ऐकू येत होतं, प्रत्येकीवर टाळ्या पडत होत्या. आई सांगते, सातला सगळ्या हात पुसून उभ्या राहिल्या. आठ झालं. आठनंतर दहा आलं.

एकीला वाटलं, आपल्यालाच ऐकू आलं नाही. एकीला वाटलं, बायकांचं शेवटी वेगळं सांगणार असतील. मग ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ झालं, आणि कुणीतरी मागे येऊन म्हणालं, “चला, पानं मांडली, आमटी घ्या.” आणि त्यांनी आमटी घेतली. गुलमंडीच्या माणसाने तो चौथा फोटो काढला तो त्यानंतर. म्हणजे ज्याला तुम्ही उत्साह म्हणता, तो क्रमांक नऊ गळल्यानंतरचा आहे.

मी त्या पंगतीला नावं ठेवत नाही. उलट, ती पंगत काय होती ते तुमच्या स्मरणिकेने नीट सांगितलेलं नाही, म्हणून मीच सांगते. १९८८ च्या मे महिन्यात शहरात दंगल झाली होती. संचारबंदी, जळालेली दुकानं, एका मोहल्ल्यातला माणूस दुसऱ्यात जायला घाबरायचा. त्यानंतरच्याच हिवाळ्यातलं हे जेवण. शहागंजचे आचारी चिकलठाण्यात येऊन देग चढवतात आणि मुकुंदवाडीच्या बायका शेजारच्या चुलाणावर येसर शिजवतात, हे त्या वर्षी सोपं नव्हतं. नान-खलिया मुळात तुघलकाबरोबर देवगिरीला आलेल्या फौजेचं जेवण असं आपल्याकडे सांगतात. एका वेळी हजारोंचं पोट भरायला निघालेला पदार्थ. त्या रात्री एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला आमटी-भात, आणि पंगत एकच. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर १९७८ मध्ये मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, त्याची धग तेव्हा अजून गेलेली नव्हती. नामविस्तार व्हायला १९९४ उजाडायचं होतं. अशा काळात गावाकडे एकमेकांच्या विहिरीवर न जाणारी माणसं मांडीला मांडी लावून बसली आणि कुणी कुणाला जात विचारली नाही. हे तुमच्या संघटनेने केलं. मी ते शाळेत मुलांना अभिमानाने सांगत आले. म्हणूनच टोचतं. जी पंगत एवढं सगळं ओलांडू शकली, तिला मंडपामागच्या दहा पावलांचं अंतर ओलांडता आलं नाही.

नंतर जी कारणं दिलीत ती मला पाठ आहेत, कारण आमच्या घरात ती वर्षभर बोलली जात होती. पहिलं, कारखाना कायद्याचं. १९४८ च्या कायद्यात बायकांना संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात काम करायला मनाई होती. कंपनी म्हणाली, कायम कामगार म्हणजे तिन्ही पाळ्या, बायका रात्रपाळी करू शकत नाहीत, मग कायम कशा करणार? हे कारण ऐकताना वजनदार वाटतं. पण पॅकिंग चालायचं जनरल शिफ्टमध्ये, दिवसाउजेडी, आधीही आणि नंतरही. मुद्दा रात्रीचा नव्हताच. दुसरं कारण आईसाठी खास होतं : “वहिनी, तुमच्या घरात एक पगार आला ना? एका घरात दोन कायम म्हटल्यावर लोक काय म्हणतील?” तिच्याबरोबरच्या दोघी विधवा होत्या, एकीला नवऱ्याने टाकलेलं होतं. त्यांच्या घरात कुठला पगार येणार होता? तिसरं कारण, पुढच्या करारात बघू. पुढचा करार तीन वर्षांनी झाला. त्याच्या मागणीपत्रात पॅकिंग हा शब्दच नव्हता, कारण तोवर त्यातल्या बऱ्याच बायका कंत्राटदाराने परत घेतल्या नव्हत्या.

बाबांना हे माहीत होतं. ते कमिटीत होते, सहीच्या रात्री तिथे होते. ते आईला काही बोलले नाहीत आणि आईने त्यांना कधी विचारलं नाही. दोघांनी त्या एका विषयाभोवती आयुष्यभर वळसा घालून संसार केला. त्यांचा हिशेब माझ्याकडे आहे, तो तुमच्या खात्यावर टाकत नाही.

आणि तुमची अडचण मला कळत नाही असंही समजू नका. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि तो कधी संपला हे कुणी सांगू शकत नाही, कारण तो अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. त्याला तेव्हा सहा-सात वर्षं होत होती. प्रत्येक व्यवस्थापन त्या भुताचा धाक दाखवायचं : ताणाल तर गिरणगाव होईल. आपल्या लोकांच्या घरात तांदूळ संपले होते. शेवटच्या रात्री टेबलापलीकडचा माणूस म्हणाला असेल, एवढं एक सोडा आणि बाकीचं घ्या. सोडलंत. अशा वेळी काहीतरी सोडावं लागतं हे कुठल्याही कामगाराच्या लेकीला समजतं. पण सोडायचं ठरल्यावर हात आपोआप नवाकडेच का गेला? महागाई भत्त्याच्या सूत्रातला एखादा पैसा का नाही? आणि सोडल्यावर त्या बायकांना मंडपामागे येऊन दोन वाक्यं सांगायला काय लागत होतं? त्या भांडल्या नसत्या. आमटी तरीही त्यांनीच वाढली असती. निदान वाढताना त्यांना माहीत असतं.

आईने दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “वहिनी, आत्ता हे काढू नका, कामगारांत फूट पडेल.” फूट. हे ऐकवून चळवळीत आजवर किती तोंडं बंद केली गेली असतील! आपल्या इथून जवळच, मनमाडला, फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांनी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत भाषण केलं. त्यांच्यावरही हाच आरोप होता की कामगारांची वेगळी परिषद घेऊन तुम्ही फूट पाडता. त्यांनी सांगितलं की कामगारांचे शत्रू दोन आहेत, भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही, आणि दुसरी कामगारांच्या आतही असते. गिरणीतल्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरू न देणारे कामगारच होते. हे तुम्ही मला सांगितलेलं आहे, काका. अभ्यासवर्गात, फळ्यावर लिहून. फूट ही बोट दाखवणाऱ्यामुळे पडत नाही, ती आधीच पडलेली असते, असं तुम्ही म्हणाला होतात. चिकलठाण्यात ते वाक्य कुठे ठेवलंत?

तुम्ही म्हणाल, नावांचा एवढा सोस कशाला, ती चळवळ होती, सत्कार समारंभ नव्हता. मग पंगतीतल्या नावांसाठी भिंग का लागलं? नावं राहिली म्हणजे काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. आंबेडकरी चळवळीत बायका होत्या की नाही, असा प्रश्न लोक शांतपणे विचारायचे, तोवर १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या बायकांसमोर बसून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं. गिरणगावात पार्वतीबाई भोरांनी आपली हकिकत सांगून लिहून घेतली नसती, तर तिथल्या संपांत बायका फक्त ‘उत्साहाने सहभागी’ राहिल्या असत्या. त्याच गिरणगावात हजारो कामगारांचे डबे भरणाऱ्या खानावळवाल्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमा पुरव यांनी १९७५ साली उभं केलं, तेव्हा कुठे त्या बायकांना बँकेच्या दारात उभं राहता आलं. ब्याऐंशीच्या संपात त्यांच्या वह्यांत केवढी उधारी थकली असेल, हे एकाही कराराच्या कलमात लिहिलेलं नाही. आपल्या शहरात १८८९ साली सूतगिरणी निघाली आणि सातशे माणसं तिथे कामाला लागली, एवढं गॅझेटियर सांगतं. त्या सातशेंना कोण जेवू घालत होतं, ते साहेबाने लिहिलं नाही. साहेबाने लिहावं अशी माझी अपेक्षाही नाही. तुमच्याकडून होती.

आणि नावांपेक्षाही मोठी गोष्ट तुमच्या अग्रलेखातच आहे. तुम्ही विचारता, कंत्राटी पद्धत कारखान्यात शिरली कधी? मी सांगते, ती मंडपामागून शिरली. आधी कँटीन, मग झाडलोट, बाग, वॉचमन, चढ-उतार, पॅकिंग. ही सगळी ‘कडेची’ कामं. कडेला कोण होतं तर बायका आणि गावकुसाबाहेरून आलेली माणसं. त्यांच्या बाबतीत संघटनांनी मान डोलावली, कारण कायम कामगाराच्या ताटाला अजून धक्का लागलेला नव्हता. मग मालकाला कळलं की हे चालतं. कड हळूहळू आत सरकली, थेट असेंब्ली लाइनपर्यंत. २००१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात सांगून टाकलं की कंत्राट बंद झालं तरी कंत्राटी कामगार आपोआप कंपनीचा होत नाही. त्याआधी १९९६ च्या निकालाने होत होता. म्हणजे मध्ये चार-पाच वर्षांची एक फट उघडी होती. त्या फटीत कलम दहाखाली पॅकिंगसाठी कुणी अर्ज केला? मी तुमच्या स्मरणिकेतल्या ‘न्यायालयीन लढाया’ वाचल्या. नाही केला.

माझा भाचा वाळूजला ‘नीम’ या प्रशिक्षण योजनेत होता, हातात आयटीआयचं प्रमाणपत्र, लाइनवर कायम कामगाराच्या शेजारी तेच काम, फंड नाही. तीन वर्षं ‘शिकून’ तो बाहेर पडला आणि आता रांजणगावात खोली करून दुसऱ्या ठिकाणी पुन्हा शिकतो आहे. तुमचं भाषण ऐकून घरी आला आणि आजीला म्हणाला, “हे आता का ओरडायलेत?” ती काही बोलली नाही. मी बोलले असते, पण मुलासमोर तुमचं नाव खाली जाऊ नये असं अजूनही वाटतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, एकोणतीस कायदे त्यांच्या पोटात गेले. ज्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली आपला करार झाला, तोही. पन्नासपेक्षा कमी कंत्राटी माणसं असली तर कंत्राटदाराला परवानाही नको. आणि हो, बायकांना आता संमती दिली तर रात्रपाळी करता येते. हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आता का? आता मला राती बाथरूमला उठवत नाही.” आणि आम्ही दोघी खूप हसलो, काका. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता.

तुमच्याकडून मला काय हवं आहे ते लिहून संपवते. प्रदर्शन पुढे वाळूजला जाणार असं कळलं. त्याआधी चौथा फोटो बाकीच्यांएवढा करा आणि त्याखालची ओळ काढा. तिथे लिहा की या पॅकिंग विभागातल्या कंत्राटी कामगार आहेत, यांनी संपात काम सोडलं, आणि त्यानंतर यांच्यातल्या बऱ्याच जणींना कामावर घेतलं गेलं नाही. नावं माझ्याकडे आहेत. इथे मुद्दाम दिली नाहीत. आईचं म्हणणं आहे की ज्या हयात आहेत त्यांना विचारल्याशिवाय आणि ज्या गेल्या त्यांच्या मुलांना विचारल्याशिवाय छापायची नाहीत. ते विचारण्याचं काम संघटनेने करावं, पत्ते मी देते. दोघीजणी जालन्याला आहेत, एक मुलीकडे पुण्याला. बाकीच्या मुकुंदवाडी-संजयनगर सोडून कुठे गेलेल्या नाहीत. गाडी करून एका दिवसात होईल.

माझ्या वहीचं ते पानही माझ्याकडे आहे. क्रमांक नऊ, तुमच्या अक्षरात, एक शब्द खोडून त्यावर ‘कायम’ लिहिलेलं. ते त्या फोटोशेजारी लावा. लाज वाटत असेल तर तुमचं नाव झाका, मागणी झाकू नका.

सत्काराचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. शाल-श्रीफळ, साडी, ‘ज्येष्ठ माता’ वगैरे काही नको; आई ते घेणार नाही आणि मला तिचं न घेणं चारचौघांत बघायचं नाही. यायचं तर तुम्ही एकटे या, करारनाम्याची प्रत घेऊन, आणि तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवा. शेवटचं कलमही. ती मध्ये काही विचारेल, त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे. माझ्याकडे ते नाही. दुपारी कधीही या. फक्त आमच्या नळाला पाणी येण्याचा दिवस टाळा, त्या दिवशी ती कुणाचंच ऐकत नाही.

तुमचीच,
तुमच्या जुन्या सभासदाची आणि एका कंत्राटी कामगाराची मुलगी
मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर